उतारवयातील मॅरेथॉन : सराव आणि संयम

साठी उलटली की माणसाने ओसरीवर बसावे, नातवंडांना गोष्टी सांगाव्यात आणि देहाला फारसे कष्ट देऊ नयेत, अशी आपल्या समाजाची जुनी समजूत आहे. गेल्या काही वर्षांत मात्र या समजुतीला छेद देणारे दृश्य अनेक शहरांत पहाटे दिसू लागले आहे. छत्तीसगढची राजधानी रायपूर हे असेच एक शहर. तेथील तेलीबांधा तलावाच्या काठचा पदपथ, शहरातील उद्याने आणि नवा रायपूरचे रुंद रस्ते येथे उजाडण्यापूर्वीच चालणाऱ्यांची व धावणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. त्यांत केस पिकलेली माणसेही असतात. त्यांच्यापैकी बहुतेकांना केवळ प्रकृती सांभाळायची असते. परंतु काहींच्या मनात याहून मोठा संकल्प असतो. तो म्हणजे मॅरेथॉन पूर्ण करण्याचा.

मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर अंतराची पायी शर्यत. १८९६ साली अथेन्स येथे भरलेल्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये ही शर्यत प्रथम झाली, तेव्हा तिचे अंतर सुमारे ४० किलोमीटर होते. तीत पहिला आलेला स्पिरिडॉन लुईस हा ग्रीक तरुण पाणी वाहून नेण्याचे काम करीत असे. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ४२.१९५ किलोमीटर हे अंतर धावले गेले आणि १९२१ मध्ये तेच कायम ठरले. भारतात पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून आणि मुंबईची मॅरेथॉन २००४ पासून सुरू झाली. या शर्यतींमुळे सामान्य माणसालाही मोठ्या धावपटूंबरोबर एकाच रस्त्यावर धावण्याची संधी मिळाली.

उशिरा सुरुवात केलेले धावपटू

एवढे अंतर उतारवयात धावणे शक्य आहे काय, या प्रश्नाचे उत्तर काही माणसांनी आपल्या पायांनी दिले आहे. पंजाबातील जालंधरजवळच्या बियास पिंड या गावचे फौजा सिंग यांचे आयुष्य शेतीत गेले. १९९४ मध्ये त्यांच्या एका मुलाचा मृत्यू झाला. पुढे इंग्लंडमध्ये राहत असताना त्या दुःखातून सावरण्यासाठी त्यांनी धावण्याचा आधार घेतला. २००० साली, वयाच्या ८९ व्या वर्षी, त्यांनी लंडनची मॅरेथॉन पूर्ण केली. २००३ मध्ये टोरांटो येथे त्यांना या अंतरासाठी सुमारे ५ तास ४० मिनिटे लागली. २०११ मध्ये, शंभराव्या वर्षी, त्यांनी तेथेच पुन्हा मॅरेथॉन पुरी केली. त्या वेळी मात्र आठ तासांहून अधिक वेळ लागला. या दोन वेळांतील अंतर बोलके आहे. गती ओसरली, तरी चिकाटी टिकून राहिली.

कॅनडातील एड व्हिटलॉक यांची कथा निराळी आहे. तारुण्यात ते धावत असत. मग अनेक वर्षे धावणे सुटले आणि चाळिशीत पुन्हा सुरू झाले. २००४ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, त्यांनी मॅरेथॉन २ तास ५५ मिनिटांच्या आत पूर्ण केली. त्यांचा सराव अत्यंत साधा होता. घराजवळच्या दफनभूमीतील शांत रस्त्यावर ते रोज दोन-तीन तास अगदी संथपणे धावत. गुडघा दुखू लागला, की महिनोन्‌महिने थांबण्याची त्यांची तयारी असे.

महाराष्ट्रात बारामती परिसरातील लता भगवान करे यांचे नाव या संदर्भात घेतले जाते. शेतमजुरी करणाऱ्या या स्त्रीने साठी ओलांडल्यावर, २०१४ च्या सुमारास, आजारी पतीच्या तपासण्यांसाठी पैसे हवेत म्हणून नऊवारी लुगडे नेसून, अनवाणी धावून ज्येष्ठांची शर्यत जिंकली. २०२० मध्ये त्यांच्या जीवनावर चित्रपट आला आणि त्यात त्यांनी स्वतःच भूमिका केली. ती शर्यत ३ किलोमीटरची होती, पूर्ण मॅरेथॉनची नव्हती. तरीही तिच्यातून एक गोष्ट लक्षात येते. आयुष्यभराचे कष्ट आणि पायी चालणे हीसुद्धा शरीराची एक पूर्वतयारीच असते.

वयाबरोबर शरीरात काय बदलते?

वय वाढते तसा हृदयाचा कमाल वेग कमी होत जातो. पंचविशीत हृदय एका मिनिटात जास्तीत जास्त सुमारे १९० ठोके देऊ शकते, तर पासष्टीत सुमारे १६२. हे सरासरीचे आकडे आहेत. व्यक्तीव्यक्तींत फरक पडतो. शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमताही तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण एक दशांशाने घटते. नियमित व्यायाम करणाऱ्यांत ही घट बरीच मंदावते. स्नायूंचे वस्तुमान कमी होते. स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा ताठर बनतात.

याहून महत्त्वाचा बदल दुरुस्तीच्या वेगात होतो. धावताना स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होत असते. पुढील विश्रांतीत शरीर ती भरून काढते आणि तो भाग पूर्वीपेक्षा थोडा बळकट करते. म्हणजेच बळ वाढते ते धावल्यानंतरच्या विसाव्यात. तरुणाला ज्या दुरुस्तीसाठी एक दिवस पुरतो, तिच्यासाठी साठीतील व्यक्तीला दोन-तीन दिवस लागू शकतात. शिवाय हृदय आणि फुप्फुसे सरावाला लवकर प्रतिसाद देतात, तर कंडरा व हाडे यांना अनेक महिने लागतात. दम पुरतो आहे म्हणून अंतर झपाट्याने वाढवणारा नवखा धावपटू नेमका येथेच फसतो. त्याचा श्वास तयार झालेला असतो, पाय तयार झालेले नसतात.

म्हणून उतारवयातील सरावाचा पहिला नियम असा की, विश्रांती हा सरावाचाच भाग मानावा.

आठवड्याची आखणी

सराव सुरू करण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी आवश्यक असते. रक्तदाब, रक्तातील साखर आणि हृदयाचा आलेख पाहावा लागतो. डॉक्टरांना गरज वाटल्यास चालत्या पट्ट्यावर, श्रमाच्या स्थितीत, हृदयाची चाचणी घेतली जाते. त्यानंतर काही महिने केवळ चालणे, मग चालणे आणि धावणे यांचे मिश्रण, अशा पायऱ्या चढाव्या लागतात. पहिल्या वर्षी अर्ध्या मॅरेथॉनवर समाधान मानणे शहाणपणाचे ठरते.

सलग दहा किलोमीटर धावण्याची सवय झालेल्या ज्येष्ठ धावपटूचा आठवडा साधारणपणे पुढीलप्रमाणे असू शकतो. सोमवारी पूर्ण विश्रांती. मंगळवारी सहा किलोमीटर संथ धावणे. बुधवारी घरच्या घरी स्नायू बळकट करणारे व्यायाम : खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, पायरीवर चवडे टेकून टाचा वर-खाली करणे, एका पायावर तोल सांभाळणे. गुरुवारी सात-आठ किलोमीटर धावणे आणि त्यात काही मिनिटे किंचित वेगाने. शुक्रवारी हलके चालणे. शनिवारी पुन्हा थोडे बळवर्धक व्यायाम किंवा विश्रांती. रविवारी लांब पल्ल्याची, परंतु संथ धाव.

संथ म्हणजे किती, हे ठरवण्याची सोपी खूण अशी की, धावताना शेजारच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. शब्द तुटू लागले, तर वेग कमी करावा. काही रक्तदाबाच्या औषधांमुळे नाडीचा वेग मुळातच मंदावतो. अशा व्यक्तींनी नाडीच्या आकड्यापेक्षा बोलण्याच्या या कसोटीवर अधिक भरवसा ठेवावा. लांब पल्ल्यात दर काही मिनिटांनी एक मिनिट चालण्याची पद्धतही जगभर रूढ आहे. असे चालण्यात कमीपणा नाही. त्यामुळे स्नायूंवरील ताण विभागला जातो.

रायपूरचे ऋतू आणि सरावाचे वर्ष

धावपटूला वेळापत्रक जितके पाळावे लागते, तितकेच ऋतुमानही पाळावे लागते. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीत होते. तिच्यासाठी रायपूरमध्ये तयारी करणाऱ्याची पहिली परीक्षा उन्हाळ्यात असते. मे महिन्यात तेथील दुपारचे तापमान अनेकदा ४२ अंशांच्या वर जाते. वाढत्या वयात घाम कमी येतो, त्वचेकडे होणारा रक्तपुरवठा घटतो आणि तहानही उशिरा जाणवते. त्यामुळे उष्माघाताचा धोका तरुणांपेक्षा अधिक असतो. या दिवसांत पहाटे थोडे अंतर चालणे-धावणे आणि घरातील व्यायाम एवढ्यावरच थांबावे.

जूनच्या मध्यानंतर पाऊस येतो आणि हवा थंडावते. खऱ्या सरावाची पायाभरणी येथून होते. रविवारची धाव जुलैत बारा किलोमीटरपासून सुरू करून हळूहळू वाढवावी. दोन आठवडे वाढवल्यावर तिसऱ्या आठवड्यात ती मुद्दाम कमी करावी. पावसाळ्यात पदपथांवर शेवाळ धरते, म्हणून पडण्यापासून जपावे. या वयात हाड मोडल्यास ते जुळण्यास फार वेळ लागतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ सर्वांत अनुकूल असतो. डिसेंबरच्या उत्तरार्धापर्यंत सर्वांत लांब धाव अठ्ठावीस-तीस किलोमीटरपर्यंत न्यावी आणि त्यानंतरचे तीन आठवडे अंतर कमी करीत जावे. थंडीत धूर व धूळ जमिनीलगत साचून राहतात. शहराच्या उत्तरेस उरला आणि सिलतरा ही औद्योगिक क्षेत्रे आहेत. अशा भागांपासून व वर्दळीच्या रस्त्यांपासून दूर धावणे फुप्फुसांच्या हिताचे असते.

आणखी एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. हिवाळ्यात रायपूरची हवा कोरडी असते, तर समुद्रकाठच्या मुंबईत ती दमट असते. दमट हवेत घाम लवकर वाळत नाही आणि शरीर थंड होण्यास अडथळा येतो. त्यामुळे घरच्या सरावात सहज साधणारी गती मुंबईत थोडी कमी करावी लागते. शिवाय तेथे शर्यतीच्या उत्तरार्धात, पाय थकलेले असताना, पेडर रोडची चढण लागते.

अन्न, पाणी आणि औषधे

स्नायूंमध्ये व यकृतात साठवलेली साखर सामान्यतः तीस किलोमीटरच्या आसपास संपत येते. त्या टप्प्यावर पाय अचानक शिशासारखे जड होतात. म्हणून लांब धावेत केळे, खजूर, गूळ असे काहीतरी थोड्या थोड्या वेळाने खाण्याची सवय सरावातच लावावी. शर्यतीच्या दिवशी नवा पदार्थ खाऊ नये आणि नवे बूटही घालू नयेत. रोजच्या जेवणात डाळी, दूध, दही, अंडी यांपैकी जे चालत असेल, ते पुरेसे असावे. कारण स्नायूंच्या दुरुस्तीसाठी प्रथिने लागतात. छत्तीसगढमध्ये उन्हाळ्यात बोरे-बासी, म्हणजे पाण्यात भिजवून ठेवलेला भात, कांदा-मिरचीबरोबर खाण्याची प्रथा आहे. कष्टकऱ्यांच्या या अन्नातून भाताबरोबर पाणी आणि वरून घातलेले मीठही पोटात जाते.

पाणी कमी पिणे जसे घातक, तसेच प्रमाणाबाहेर पिणेही घातक असते. अति पाण्याने रक्तातील सोडियम कमी होऊन भोवळ येऊ शकते. धावण्यापूर्वी व नंतर वजन केल्यास किती पाणी गमावले याचा अंदाज येतो; वजन वाढलेले आढळले, तर पाणी जास्त झाले असे समजावे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांची साखर धावताना एकाएकी उतरू शकते. त्यांनी औषधांच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच ठरवाव्यात आणि खिशात साखर किंवा गोड गोळ्या ठेवाव्यात.

थांबण्याचे शहाणपण

छातीत दाब जाणवणे, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ येणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, नेहमीपेक्षा वेगळी धाप लागणे, यांपैकी एकही लक्षण दिसताच तत्काळ थांबावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी. ‘एवढे अंतर पुरे करू आणि मग पाहू’ हा विचार जिवावर बेतू शकतो. सांध्यात एकाच जागी टोचणारे दुखणेही दुर्लक्षू नये. वाहनांच्या रस्त्यावर धावावे लागले, तर उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून धावावे आणि अंधारात चमकणारा पट्टा असलेले कपडे घालावेत. शंभरी ओलांडूनही न थकलेले फौजा सिंग जुलै २०२५ मध्ये, वयाच्या ११४ व्या वर्षी, आपल्याच गावाजवळ वाहनाच्या धडकेने मरण पावले. सारी काळजी घेणाऱ्या माणसालाही रस्ता सुरक्षित मिळावा, ही जबाबदारी मात्र एकट्या धावपटूची नसून समाजाची आहे.

मॅरेथॉनची शर्यत एका सकाळी संपते. सराव मात्र वर्षभर चालतो. त्या वर्षात नियमित झोप, बेताचे अन्न, ठरलेल्या वेळी उठणे आणि शरीराचे बोलणे ऐकणे या सवयी अंगी मुरतात. एखाद्याला शर्यतीच्या दिवशी आजारपणामुळे घरी राहावे लागले, तरी वर्षभराच्या कमाईतील फारच थोडे वाया जाते. जिने चढताना न लागणारी धाप, काठीवाचून सांभाळता येणारा तोल, स्वतःची कामे स्वतः करण्याची उमेद, ही ती कमाई होय. साठीतला माणूस पंचविशीतल्या माणसाला हरवण्यासाठी धावत नाही. उद्याही आपल्या पायांवर उभे राहता यावे, म्हणून तो आज धावतो आणि त्याचसाठी योग्य वेळी थांबतोही.