मराठीतून रशियन

सोलापुरात मी रशियन शिकवतो असे सांगितले, की समोरच्याचा पहिला प्रश्न ‘कशाला?’ हाच असतो. त्यात त्यांची चूक नाही. डिसेंबर १९९१मध्ये सोव्हिएत संघ मोडला, मॉस्कोत छापलेली स्वस्त मराठी पुस्तके यायची थांबली आणि आपल्याकडचे रशियनचे वारेही पडले. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. भाषेच्या ओढीने रशियन शिकलो. आता एका छोट्या महाविद्यालयात आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्ग घेतो. पंधरा-सोळा मुले असतात; त्यांतली बरीचशी वैद्यकीय शिक्षणासाठी रशियाला निघालेली.

पालक म्हणतात, तिकडे सगळे इंग्रजीतून शिकवतात, मग रशियनचा ताप कशाला? २०२१मध्ये आपल्याकडे झालेल्या नियमांनुसार परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा, शिवाय १२ महिन्यांची इंटर्नशिपही तिथेच करायची. हे खरेच आहे. पण खाटेवरचा रोगी इंग्रजी माध्यमाचा नसतो. कुठे दुखते, कधीपासून दुखते, हे त्याला त्याच्याच भाषेत विचारावे लागते. ते जमले नाही तर घरच्यांनी कर्ज काढून पाठवलेला मुलगा वॉर्डात नुसता उभा राहतो.

म्हणून पहिल्याच तासाला मी ‘ग्द्ये बलीत?’ म्हणजे ‘कुठे दुखते?’ हे शिकवतो, आणि मराठीतून शिकवतो. इंग्रजीतून रशियन शिकणे म्हणजे अक्कलकोटला जायला पुण्याची गाडी पकडणे. इंग्रजीत माणसाकडे डोकेदुखी ‘असते’. रशियनमध्ये आपल्यासारखे डोकेच दुखते. ‘मला थंडी वाजते’, ‘मला आवडते’ यांतल्या ‘मला’ला तिथे ‘म्न्ये’ म्हणतात, तीही चतुर्थीच. रशियनच्या सहा विभक्त्या इंग्रजीच्या वाटेने जाणाऱ्याला डोंगराएवढ्या वाटतात. आपण शाळेत आठ घोकलेल्या असतात.

लिंगेही तीनच. तो आला, ती आली, ते आले : प्रिशोल, प्रिशला, प्रिशलो. बोलणारा पुरुष की बाई हे ‘मी आलो’, ‘मी आले’ यावरून आपल्याला कळते, तसे तिथेही कळते. (हे येणे मात्र पायी. वाहनाने आलात तर क्रियापद बदलते. तिथे मुले दमतात.)

मुलांना सर्वांत गंमत वाटते ती नावांची. आपल्या कुठल्याही अर्जावर स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असते. अंतोन पावलविच चेखव म्हणजे अंतोन, पावेलचा मुलगा, आडनाव चेखव. फरक इतकाच, की मान द्यायचा तर पहिली दोन नावे घ्यायची आणि आडनाव गाळायचे. डॉक्टरांना नि शिक्षकांना तसेच हाक मारतात.

उच्चारांत तर सोलापूरकराची चैनच. ‘चिमणी’तला च वेगळा आणि ‘चाक’मधला वेगळा, हे आपल्या जिभेला ठाऊक असते, रशियनला दोन्ही लागतात. घशातून येणारा ख़ आमच्या दखनीत इतका मुरलेला, की आम्ही ‘क़लम’लाही ‘ख़लम’ म्हणतो! एरवी हसण्यावारी जाणारी ही सवय माझ्या वर्गात कामी येते. खरा त्रास आघाताचा. ज्या ‘ओ’वर जोर नाही, त्याचा ‘अ’ होतो. लिहायचे ‘मोस्क्वा’, म्हणायचे ‘मस्क्वा’. त्या हिशेबाने आपले गाव रशियन तोंडी ‘सलापूर’ होणार.

शेवटचे काही आठवडे आम्ही चेखवची ‘तोस्का’ ही १८८६ची गोष्ट मूळ भाषेतून, ओळ ओळ लावत वाचतो. उच्चार अर्थातच ‘तस्का’. चेखव स्वतः डॉक्टर. १८९२मध्ये कॉलऱ्याच्या साथीत त्याने खेड्यापाड्यांत काम केले. गोष्टीतला इओना हा घोड्याची गाडी हाकणारा म्हातारा. त्याचा मुलगा नुकताच वारला आहे. ते कुणाला तरी सांगावे म्हणून तो एकेका गिऱ्हाइकाशी बोलू पाहतो. कुणालाच वेळ नसतो. अखेर तो आपल्या घोडीला सगळे सांगतो. रोग्याचे म्हणणे ऐकून घेणे हेच ज्यांचे उद्याचे काम, त्या मुलांना ही गोष्ट वेगळी समजावून द्यावी लागत नाही.

अडते ते शीर्षकापाशी. ‘दुःख’ हा शब्द फार सरळ आहे. ‘खंत’मध्ये आपले काही चुकले असे येते. ‘हुरहूर’ला गोडवा आहे, तो इओनाच्या वाट्याला नाही. यंदा एका मुलीने ‘घालमेल’ सुचवला. मला तो बराच जवळचा वाटला. पण घालमेलीत हालचाल फार. इओना तर अंगावर बर्फ साचत असताना बैठकीवर वाकून निश्चल बसला आहे.