खाडी आली की रस्ता थांबतो

२०१३ च्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्यातल्या गावोगावी टँकरभोवती घागरींच्या रांगा लागल्या होत्या. पुढे पावसाने थोडा दिलासा दिला आणि दिवाळीत हे म्हणाले, "चल, एकदा डोळे भरून पाणी बघून येऊ." आमच्या जुन्या ओम्नीची मागची बाकं निघाली, सुताराने फळी ठोकली, फळीखाली डबे, गॅसची शेगडी आणि पाण्याचा जार बसला, खिडक्यांना माझ्या जुन्या साडीचे पडदे लागले. तेव्हापासून सुगी उरकली की आम्ही दोघं कोकणच्या किनाऱ्याला लागतो.

वाट ठरलेली. कडा, अहिल्यानगर, पुणे, मग ताम्हिणी घाट उतरून माणगाव, आणि श्रीवर्धनच्या बाजूने दक्षिणेकडे. याच दिवसांत आमच्या जिल्ह्यातला ऊसतोड कामगारही पश्चिमेला निघतो. ट्रकमध्ये चूल, पत्र्याची पेटी, लेकरं, शेळी, कोंबड्या, सगळा संसार. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल त्या जोडीच्या नावावर. पुढचे पाच-सहा महिने उसाच्या फडाशेजारची कोपी हेच घर. कड्याजवळ चहाला थांबलो असताना अशाच एका ट्रकमधली बाई आमच्या गाडीत डोकावली. गादी, शेगडी, भाकरीचं टोपलं तिने नीट बघितलं आणि विचारलं, "बाई, कोन्त्या कारखान्याला चाल्ला?" समुद्राला, असं मी सांगितलं. "तितं काय काम असतंय?" तिने अगदी मनापासून विचारलं. "काही नाही, बघायचा," असं मी म्हणाले खरी, पण शब्द जड गेले. एकाच जिल्ह्यातून, एकाच हंगामात दोन जोडपी चाकांवर संसार घेऊन निघतात आणि त्यातल्या एकालाच परतायचा दिवस स्वतः ठरवता येतो. कॅराव्हॅन पर्यटनासाठी राज्याने २०२१ मध्ये धोरण आणलं, त्याचा मला आनंदच झाला. पण गाडीत राहणारी माणसं म्हटली की मला आधी ती बाई आठवते.

किनाऱ्याचा रस्ता म्हणजे रेवस ते रेड्डी सागरी महामार्ग. मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळात कल्पना निघाली, रस्ता मात्र अजून सलग नाही. खाडी आली की तो संपतो आणि पलीकडे पुन्हा सुरू होतो. दिवेआगरहून शेखाडीमार्गे श्रीवर्धनला जाताना किंवा गणपतीपुळ्याहून आरे-वारेमार्गे रत्नागिरीला जाताना लाटा अगदी चाकांशी येतात, ते दृश्य सगळेच वाखाणतात. मला स्वतःला जास्त ओढ खाड्यांची. बागमांडल्याहून वेसवीला जाताना सावित्री, दाभोळहून धोपाव्याला जाताना वाशिष्ठी, तवसाळहून जयगडला जाताना शास्त्री. दाभोळच्या धक्क्यावर आदिलशाही मशिदीजवळ गाडी लावून आम्ही फेरीबोटीची वाट बघतो. बोट टेकते, पुढचा लोखंडी उतार धाडकन खाली येतो, आधी दुचाक्या निघतात, मग गाड्या. मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका, शाळेची पोरं, एखादा वऱ्हाडाचा टेंपो. हे गाडी उलटी चढवतात तेव्हा मी खाली उभी राहून "अहो, डावीकडे, अजून डावीकडे" करते. चिपळूणमार्गे पडणारा लांबचा वळसा काही मिनिटांत वाचतो. बोटीच्या कठड्याला टेकून एवढं पाणी बघताना आमच्या बिंदुसरा नदीचं कोरडं पात्र डोळ्यांपुढे आल्याशिवाय राहत नाही.

२०२० ची दिवाळी आम्ही घरीच काढली. त्याच वर्षी ३ जूनला कोकणात निसर्ग चक्रीवादळ येऊन गेलं होतं. त्यानंतरच्या फेरीत दिवेआगरच्या ज्या वाडीत आम्ही गाडी लावायचो तिथे सावलीच उरली नव्हती. सुपारी, नारळ, सगळं आडवं. वाडीवाले आजोबा नव्या रोपांना पाणी घालत होते. सुपारी हाताशी यायला सहा-सात वर्षं जातात. दुष्काळात पाण्यावाचून वाळलेल्या मोसंबीच्या बागा आम्ही बघितल्या आहेत, त्यामुळे तिथे नुसतं हळहळणं आम्हाला जमलं नाही. दुपारभर हे आजोबांबरोबर आळी करत राहिले. मी बीडहून नेलेली बालाघाटची सीताफळं आजींना दिली. त्यांनी आग्रहाने पोटभर जेवू घातलं.

आता या खाड्यांवर पूल बांधायचं काम रस्ते विकास महामंडळाने हाती घेतलं आहे. रेवस-कारंजा, आगरदांडा-दिघी, अशी नावं ऐकू येतात. फेरीबोटी बंद होतील म्हणून हळहळणारे पर्यटक मला भेटतात, आणि दाभोळची वाट माझ्याही जिवाभावाची आहे. पण रात्री बोट नसताना आजारी माणसाला वळसा घालून नेणाऱ्यांना "थांबा, आम्हाला बोट आवडते" असं कोणत्या तोंडाने सांगायचं? बीडची रेल्वे आम्ही पिढ्यानपिढ्या मागितली. बीड-अहिल्यानगर मार्गावर पहिली प्रवासी गाडी धावली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. वाट बघण्याची गोडी पाहुण्यालाच असते. पूल व्हायलाच हवेत, लवकर व्हायला हवेत.

पण ते होण्याआधी बोटींचा निरोप घ्यायचा, म्हणून यंदा आम्ही माणगावला न उतरता थेट रेवसला जाणार आहोत. तिथून रेड्डीपर्यंत, वाटेत ज्या ज्या बोटी चालू असतील त्या प्रत्येकीत गाडी चढवत. ओम्नीला मागे नवा पाटा बसवायचाय, तेवढं गॅरेजवाल्याला सांगून ठेवलं आहे.