हरवलेला 'सावकारी पाश'

सावकाराने खोटा दस्तऐवज करून जमीन गिळली, आणि शेतकऱ्याला पोटासाठी शहरातल्या गिरणीत मजुरी पत्करावी लागली. ही कथा कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२५ साली 'सावकारी पाश' या मूकपटातून पडद्यावर आणली. त्यात तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. पौराणिक कथांच्या त्या काळात कष्टकऱ्याला नायक करणे हे धाडसच होते. तो मूकपट आज उपलब्ध नाही. १९३६ साली पेंटरांनी तीच कथा बोलपटात पुन्हा सांगितली. पण मूळची चित्रे गेली ती गेलीच.

ती गेली कशी? त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती चटकन पेट घेई, आणि न पेटली तरी उकाड्याने व दमटपणाने चिकट होऊन शेवटी तिची भुकटी होई. शिवाय तिच्यावरील लेपात चांदी असे. चित्रपटाची कमाई संपली, की अनेक रिळे त्या चांदीसाठी भंगारात जात.

मग हरवलेले परत मिळतच नाही काय? कधी कधी मिळते. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तेथील पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबाकडून 'कालिया मर्दन' (१९१९) या मूकपटाचे तुकडे मिळवले आणि दादासाहेबांच्याच टिपणांवरून ते क्रमाने जोडले. जपानी दिग्दर्शक किनुगासा यांचा १९२६ सालचा एक मूकपट नाहीसा झाला असेच सर्व जण समजत होते. तो १९७१ साली त्यांच्या स्वतःच्या कोठारात सापडला!

सापडलेले रीळ स्वच्छ करावयाचे, कडेची फाटलेली भोके सांधावयाची, निरनिराळ्या प्रती चित्रागणिक ताडून पाहावयाच्या आणि मग नवी प्रत काढावयाची, असे हे धीराचे काम आहे. परंतु त्यासाठी एखादा तुकडा तरी आधी कोणीतरी जपलेला असावा लागतो.

आपल्या बीड जिल्ह्यातून ऊसतोड कामगार दरसाल उचल घेऊन, घरदार मागे ठेवून कारखान्यांकडे जातात. त्यांना ही कथा परकी वाटली नसती. म्हणून श्रोत्यांना विनंती एवढीच : जुन्या वाड्याच्या माळ्यावर, तंबूत सिनेमा दाखविणाऱ्या एखाद्याच्या अडगळीत गंजका डबा आढळला, तर विडी-काडी दूर ठेवा, तो भंगारात घालू नका, पुण्याला कळवा. त्यात कष्टकऱ्यांच्याच घरची गोष्ट असू शकेल.