फोर्सकोलीन
तुळशीच्या कुलातील कोलियस फोर्सकोली या वनस्पतीच्या मुळांतून मिळणारे डायटर्पीन वर्गातील संयुग. त्याची संरचना मुंबईतील मुलुंड येथील हेक्स्ट संशोधन केंद्रातील सुजाता भट, नोएल डिसूझा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच वर्षी लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने याच वनस्पतीतील ‘कोलिओनॉल’ हे संयुग, एका कार्बन अणूवरील मांडणी निराळी दाखवून, प्रसिद्ध केले. एवढ्याशा फरकानेही औषधी क्रिया बदलू शकते. म्हणून दोहोंची तुलना आवश्यक होती. दोन्ही संयुगे एकच असल्याचे १९८५ मध्ये सिद्ध झाले. दरम्यान १९८१ मध्ये सीमन व डेली या अमेरिकन शास्त्रज्ञांनी फोर्सकोलीन ॲडेनिलेट सायक्लेज या एंझाइमाला उद्दीपित करते, असे दाखविले. त्यामुळे पेशींतील संदेशवहनाच्या अभ्यासाचे ते जगभर वापरले जाणारे साधन ठरले.