मांजरीची पिल्लं आणि दर दोन तासांचा गजर

एप्रिल-मे उजाडला की अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या मांजरांच्या निवाऱ्यांकडून एकच विनवणी सुरू होते: पिल्लांसाठी तात्पुरती घरं हवी आहेत. इथे या काळाला चक्क 'किटन सीझन' म्हणतात. मुंबई-पुण्यात वाढलेल्या माणसाला हे जरा विचित्रच वाटतं, कारण आपल्याकडे जिन्याखाली पिल्लं बारा महिने सापडतात. फरक आहे तो उजेडाचा. दिवस मोठा होऊ लागला की मांजरीच्या मेंदूत मेलाटोनिन कमी स्रवतं आणि ती माजावर येते. मुंबईत वर्षातला सर्वांत लहान दिवससुद्धा अकरा तासांच्या आसपास असतो, न्यूयॉर्कमध्ये तो सव्वानऊ तासांवर येतो. त्यामुळे उत्तरेकडच्या मांजरी हिवाळाभर थांबतात आणि मग सगळ्या एकदमच सुरुवात करतात. गर्भारपण जेमतेम नऊ आठवड्यांचं, एका वेताला साधारण चार पिल्लं, आणि चार महिन्यांची मांजरीसुद्धा गाभण राहू शकते. हिशेब तुम्हीच करा.

निवाऱ्यात जागा नाही, एवढाच प्रश्न असता तर आणखी पिंजरे घेऊन तो सुटला असता. पण आईविना आलेलं पिल्लू पिंजऱ्यात जगतच नाही. जन्मतः त्याचं वजन शंभर ग्रॅमच्या आसपास असतं. पहिल्या आठवड्यात त्याला थंडीने कुडकुडताही येत नाही, म्हणजे अंगात ऊब तयार करण्याची ती सोयच अजून सुरू झालेली नसते. गार पडलेल्या पिल्लाचं आतडंही थंडावतं आणि पोटात गेलेलं दूध पचत नाही. म्हणून आधी ऊब, मग दूध. हा क्रम चुकला की भुकेल्या पिल्लाला प्रेमाने पाजलेलं दूधच त्याच्या जिवावर उठतं. शू-शीसुद्धा त्याला आपली आपण होत नाही. आई चाटते तेव्हा होते. आई नसेल तर कोमट ओल्या कापसाने आपण पुसायचं, साधारण तीन आठवड्यांचं होईपर्यंत.

आणि वाटीतलं गाईचं दूध नको. मांजरीच्या दुधात प्रथिनं गाईच्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट असतात, शिवाय टॉरिन असतं, जे गाईच्या दुधात फार कमी आहे. दुकानात पिल्लांसाठी तयार दुधाची पावडर मिळते, तीच घ्यावी. बोंडल्याने बाळाला पाजतो तसं उताणं धरून पाजू नका. दूध फुप्फुसात जातं. पिल्लू पोटावर, मान किंचित वर, आईला लुचताना असतं तसं.

पहिल्या आठवड्यात हे सगळं दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. अमेरिकेत बऱ्याच शेल्टरांमध्ये रात्री कुणी नसतं. तिथे संध्याकाळी पाच वाजता खोक्यातून आलेल्या दूधपित्या पिल्लांपुढे दोनच वाटा असतात: कुणाचं तरी घर, नाहीतर इंजेक्शन. फॉस्टर घर म्हणजे काही मनोरंजनाचा छंद नव्हे, ते यासाठी.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. खरवस ज्याचा करतात तो चीक आठवा. मांजरीच्या चिकातही प्रतिपिंडं असतात, पण पिल्लाचं आतडं ती जन्मानंतर एक दिवसही नाही, इतकाच वेळ शोषून घेतं. मिळाली ती पुंजी घेऊन पिल्लू पुढे जातं आणि ती रोज खर्च होत राहते. पॅनल्यूकोपेनिया या जीवघेण्या आजाराविरुद्धची प्रतिपिंडं साधारण दहा दिवसांत निम्मी होतात. आता गोची पाहा. ही प्रतिपिंडं लशीतल्या विषाणूलाही गाठून निकामी करतात. ती भरपूर असतील तर लस फुकट जाते. पण लस चढावी इतकी कमी होण्याआधीच, खऱ्या विषाणूला रोखायला ती अपुरी पडू लागतात. मधले काही दिवस पिल्लू उघडं असतं: आईचं कवच गेलंय, लस लागत नाही. हे दिवस नेमके कोणते? एका पिल्लाला दुसऱ्यापेक्षा चौपट पुंजी मिळाली असेल तर त्याची पाळी वीस दिवस उशिरा येते. बाहेरून पाहून काहीच कळत नाही. म्हणूनच सहा आठवड्यांपासून (निवाऱ्यात चारपासूनच) सोळा-वीस आठवड्यांपर्यंत दर दोन ते चार आठवड्यांनी लस पुन्हा टोचतात. तो काही बूस्टर नव्हे, एखादी तरी टोचणी योग्य वेळी पडावी म्हणूनची धडपड आहे.

आणि हा विषाणू चिवट. फरशीवर, कपड्यांवर वर्षभर टिकतो, नेहमीच्या फिनेलला दाद देत नाही, पातळ केलेलं ब्लीच लागतं. (1978च्या सुमारास जगभर पसरलेला कुत्र्यांचा पार्व्हो याच घराण्यातला.) दहा ठिकाणची पिल्लं एका खोलीत ठेवणं म्हणजे ते उघडे दिवस एकमेकांवर रचणं. तीच पिल्लं दहा घरांत वाटली तर एका घरातला आजार तिथेच थांबतो. तुमचं पाहुण्यांचं बाथरूम म्हणजे विलगीकरण कक्षच. घरात आधीपासून मांजर असेल तर तिच्या लशी पूर्ण हव्यात आणि किमान दोन आठवडे दोघांची गाठ नको.

डिसेंबरात भारतात जायचं असतं, व्हिसाचं नक्की नाही, म्हणून मांजर पाळता येत नाही, असं आपल्यातले बरेच जण म्हणतात. त्यांना फॉस्टरिंग उलट सोयीचं: सहा-आठ आठवड्यांचा मामला, औषधपाणी आणि बऱ्याचदा दूधही संस्थेकडून. घरभाड्याचा करार मात्र आधी वाचा. रात्रीचा गजर जमणार नसेल तर चार-पाच आठवड्यांची, स्वतः खाणारी पिल्लं मागा. त्यांनाही माणूस हवाच असतो. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी दाखवलं होतं की दोन ते सात आठवड्यांच्या वयात ज्यांना हाताळलं जातं ती पिल्लं पुढे माणसाळतात. सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा या कामाला उत्तम, हे माझं निरीक्षण. घरात लिलीची फुलं तेवढी ठेवू नका, परागकणांनीही मांजराचं मूत्रपिंड निकामी होतं.

आणि झुडपाखाली पिल्लं दिसली तर लगेच उचलून आणू नका. मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, ते अगदीच खोटं नाही. ती एकेक करून हलवत असते, किंवा नुसती शिकारीला गेलेली असते. पिल्लं गुबगुबीत, उबदार आणि गप्प असतील तर आई आहे. सभोवती थोडं पीठ भुरभुरा, काही तासांनी तिची पावलं उमटलेली दिसतील. अशा वेळी पिल्लं तिच्यापाशीच राहू द्या आणि दूध सुटेपर्यंत तिला खाऊ घाला. तोवर संस्थेकडून सापळा आणि शस्त्रक्रियेची तारीख मिळवून ठेवा, कारण अंगावर पाजत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. पिल्लांची शस्त्रक्रिया ती साधारण 900 ग्रॅमची झाली की होते. आईच्या कानाचं टोक कापलेलं दिसलं तर तिचं काम आधीच झालंय, मग पिल्लं दुसऱ्याच कुणाची तरी असणार. तिला शोधा.