दम्याचा स्नायू आणि निळ्या पंपाचा हिशेब

आपल्या मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमाला दोन-चार पर्समध्ये तरी निळा पंप सापडेल. दमा कुवेतच्या मराठी घरांना नवीन नाही. माझ्या पत्नीलाही तो आहे. मी डॉक्टर नाही, व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण एखादे यंत्र चालते कसे, हे समजल्याशिवाय चैन पडत नाही. त्या सवयीपायी जे वाचले, त्यातला रोजच्या उपयोगाचा भाग येथे मांडत आहे.

शर्कमधील आमच्या ऑफिसच्या खिडकीतून एरवी समुद्र दिसतो. धुळीच्या दिवशी समोरची इमारतही पुसट होते. कुवेतमधील १९९६ ते २००० या पाच वर्षांच्या नोंदींचा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे एक तृतीयांश दिवस धुळीचे निघाले आणि अशा दिवशी दम्यामुळे हॉस्पिटलमध्ये दाखल होणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेले आढळले. धूळ सर्वांच्याच नाकात जाते, मग दम धरतो तो काहींचाच का? याचे उत्तर बरेचसे श्वासनलिकेच्या स्नायूत आहे.

स्नायू काय करतो?

आपल्या श्वासनलिकांच्या भिंतीत स्नायूंचे पट्टे वेटोळ्यासारखे गुंडाळलेले असतात. हातापायाच्या स्नायूंप्रमाणे ते आपल्या इच्छेने हलत नाहीत. ते आवळले की नळी अरुंद होते. येथे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षातला एक नियम आठवावा: संथ प्रवाहात नळीची त्रिज्या निम्मी झाली तर अडथळा दुप्पट होत नाही, सोळापट होतो. म्हणून थोडासा आवळलेला स्नायूसुद्धा माणसाला घाबरे करून सोडतो.

निरोगी माणूस नकळत दर काही मिनिटांनी एक खोल श्वास घेतो. त्या श्वासाने फुप्फुसे फुगतात, नळ्या ताणल्या जातात आणि स्नायूची पकड सैल होते. १९९५ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधील संशोधकांनी एक साधा पण विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी निरोगी माणसांना स्नायू आवळणारे मेथाकोलिन हे द्रव्य हुंगवले आणि त्या वेळात खोल श्वास घ्यायला मनाई केली. तेव्हा या निरोगी माणसांच्या श्वासनलिकाही दमेकऱ्यांसारख्याच आवळल्या! म्हणजे खोल श्वास हे शरीराचे स्वतःचे, फुकटचे औषध आहे. दम्यात नेमके हेच औषध नीट लागू पडत नाही.

का लागू पडत नाही, यावर तेव्हापासून पुष्कळ काम झाले आहे. स्नायूच्या आत दोन प्रकारचे तंतू एकमेकांना धरून ओढत असतात. ताण बसला की ही पकड सुटते, हे हार्वर्डच्या जेफ्री फ्रेडबर्ग यांच्या गटाने १९९७ च्या सुमारास दाखवले. पुरेसा ताण बसला नाही, तर स्नायू जणू गोठून ताठर होतो. दम्यात नळीची भिंत सुजलेली व जाड झालेली असते. तिथे खोल श्वासाचा ताण स्नायूपर्यंत कमी पोचतो, असे एक स्पष्टीकरण दिले जाते.

कारल्याची गंमत

त्याच बाल्टिमोर शहरातील मेरीलँड विद्यापीठातून २०१० साली आणखी एक शोध आला. त्या निबंधावर पहिले नाव होते दीपक देशपांडे यांचे. गटाचे प्रमुख होते स्टीफन लिगेट. जिभेवर कडू चव ओळखणारे जे रिसेप्टर असतात, तसेच त्यांना श्वासनलिकेच्या स्नायूवर सापडले. कडू पदार्थ बऱ्याचदा विषारी असतात, तेव्हा कडू लागताच स्नायू आवळेल अशी अपेक्षा होती. झाले उलटेच, स्नायू सैल पडला.

हे वाचून कुणी गुढीपाडव्याचा कडुनिंब वर्षभर खायला किंवा कारल्याचा रस प्यायला लागू नये. पोटात गेलेला कडूपणा त्या स्नायूपर्यंत पुरेशा प्रमाणात पोचत नाही. या शोधातून रोजच्या वापराचे औषधही अजून आलेले नाही.

निळ्या पंपाची मर्यादा

निळ्या पंपातले साल्ब्युटामॉल १९६९ साली बाजारात आले. ते स्नायू काही मिनिटांत सैल करते. पण भिंतीची सूज तशीच राहते. बरे वाटते म्हणून आपण खूश, आणि आत मूळ दुखणे चालूच. म्हणून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक संस्थेने, जीनाने, २०१९ साली मोठा बदल केला: प्रौढांनी आणि १२ वर्षांवरील मुलांनी केवळ निळ्या पंपावर राहू नये, सूज उतरवणारे, श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉईडही उपचारात असावे.

'स्टेरॉईड' म्हटले की आपल्याकडे आजी-आजोबांपासून सगळे दचकतात. हे औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि ते थेट नळीत जाते. औषध घेतल्यावर चूळ भरावी. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातील नोंदींवरून २००० साली असे दिसले की, वर्षभरात वापरलेल्या अशा औषधाच्या प्रत्येक वाढीव डब्यामागे दम्याने होणारे मृत्यू २१ टक्क्यांनी कमी होते. भीती बाळगायचीच, तर ती औषध टाळण्याची बाळगावी.

घरचा हिशेब

निळ्या पंपात साधारण २०० फवारे असतात. वर्षात ३ पंप म्हणजे ६०० फवारे, म्हणजे दिवसाला सरासरी १.६. जीनाच्या मते ३ किंवा जास्त पंप लागत असतील तर मोठा झटका येण्याचा धोका वाढतो. १२ किंवा जास्त, म्हणजे महिन्याला एक लागत असेल, तर मृत्यूचाही. भारतातून येताना स्वस्त म्हणून सहा-सात पंप बॅगेत आणणाऱ्या कुटुंबांनी हा आकडा जरूर पाहावा. पंप स्वस्त पडला तरी रात्री-अपरात्री हॉस्पिटल गाठणे स्वस्त पडत नाही.

काही सूचना:

१. नवीन पंप उघडताना त्यावर तारीख लिहावी. तो किती दिवस पुरला हे डॉक्टरांना सांगावे.

२. भारतातून औषध आणताना मूळ वेष्टन व डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी.

३. उन्हाळ्यात पंप गाडीत ठेवू नये. ५० अंशांवर तापलेला डबा फुटू शकतो.

४. डिसेंबर २०२२ मध्ये येथील सरकारी दवाखान्यांत परदेशी रहिवाशांना औषधांसाठी ५ दिनार, तर तज्ज्ञांच्या बाह्यरुग्ण विभागात १० दिनार शुल्क लागू झाले. सध्याचे दर आणि आपल्या विम्यात काय बसते, हे दुखणे नसतानाच विचारून ठेवावे.

५. निळ्या पंपाने आराम पडत नसेल, बोलताना धाप लागत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर वाट पाहू नये. ११२ वर फोन करावा.

कुठलेही औषध स्वतःच्या मनाने सुरू किंवा बंद करू नये. मात्र आज घरातला निळा पंप हातात घेऊन तो कधी उघडला होता, एवढे आठवून पाहावे. तारीख महिन्याच्या आतली असेल आणि पंप रिकामा होत आला असेल, तर याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्यावी.