शेवटच्या गाळ्यातली दुरुस्ती

कल्याणहून कर्जतकडे निघालेली लोकल पहिल्यांदा थांबते ती विठ्ठलवाडीला. पुढे उल्हासनगर, अंबरनाथ. मागे डोंबिवलीची एमआयडीसी. या पट्ट्यातल्या लहान गाळ्यांमध्ये मोल्ड, डाय, जिग-फिक्श्चर अशी जॉबवर्कची कामं चालतात. पूर्वी काम निळ्या ड्रॉइंगच्या गुंडाळीतून यायचं, आता ईमेलमधून फाइल होऊन येतं. पाठवणाऱ्या कंपनीत पार्ट कॅटियासारख्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये काढलेला असतो, नाहीतर क्रिओत, नाहीतर एनएक्समध्ये. गाळ्यात परवडेल ते एकच सॉफ्टवेअर. दोन्हींच्या मध्ये मॉडेल एका घरातून दुसऱ्या घरात नेण्याचं जे काम करावं लागतं, त्याला नाव नाही आणि कोटेशनमध्ये जागाही नाही. मशीन चालू होण्याआधीचे तास मात्र तेच खातं.

मॉडेल बहुतेक वेळा ‘स्टेप’ फाइलमधून येतं. ही फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहावी. पहिल्याच ओळीत ‘आयएसओ-१०३०३-२१’ असा मानकाचा क्रमांक, मग थोडी माहिती, आणि त्यानंतर हजारो ओळी. प्रत्येक ओळीला क्रमांक असतो आणि प्रत्येक ओळ दुसऱ्या ओळींचे क्रमांक सांगते. हा बिंदू, या दोन बिंदूंमधली ही कड, या कडांनी बांधलेला हा पृष्ठभाग, आणि असे सगळे पृष्ठभाग मिळून एक बंद कवच, म्हणजे सॉलिड. साधी अक्षरं आणि आकडे. कोणत्याही एका कंपनीच्या मालकीची गुप्त लिपी नाही. मला या फाइलबद्दल मनापासून आदर आहे. तिच्या आधी ‘आयजेस’ होती. अमेरिकेत १९७९ मध्ये काम सुरू होऊन १९८० मध्ये तिची पहिली आवृत्ती आली. आयजेसमधून पृष्ठभाग येत, पण ते एकमेकांना कुठे जोडलेत हे अनेकदा येत नसे. गाळ्यात डबा उघडला की सुटे पत्रे हाती येत. ‘स्टेप’वर १९८४ पासून काम चाललं आणि १९९४ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक म्हणून जाहीर झाली. तिने जोडणीसुद्धा लिहून ठेवायला सुरुवात केली.

तरीही सॉलिड फाटतं. कारण प्रत्येक सॉफ्टवेअरच्या पोटात भूमिती सांभाळणारं एक इंजिन असतं, आणि ‘हे दोन बिंदू एकच’ असं कधी म्हणायचं, याची प्रत्येक इंजिनाची मर्यादा वेगळी. सॉलिडवर्क्स, सॉलिड एज आणि एनएक्स ‘पॅरासॉलिड’वर चालतात, कॅटियाचं इंजिन वेगळं, ऑटोडेस्कचं तिसरंच. कॅटियाच्या नेहमीच्या मापात एक मायक्रॉनपेक्षा जवळचे दोन बिंदू एकच धरले जातात. पॅरासॉलिड त्याच्या शंभरपट बारीक पाहतं. त्यामुळे तिकडे घट्ट मिटलेली कड इकडे फट म्हणून दिसू शकते. एक फट राहिली की सॉलिडचं सॉलिडपण जातं, उरतो पृष्ठभागांचा गठ्ठा. त्यातून मोल्डच्या दोन बाजू, कोअर आणि कॅव्हिटी, वेगळ्या काढता येत नाहीत. मग गाळ्यातला डिझायनर फटी शोधत बसतो. काही ‘हीलिंग’च्या बटणाने मिटतात. उरलेल्या ठिकाणी वेडावाकडा पृष्ठभाग काढून टाकायचा, भोवतालच्या कडांवरून नवा ओढायचा, पुन्हा शिवायचं. फिलेट, म्हणजे कडांच्या गोलाया, जिथे तीन बाजूंनी येऊन भेटतात, तो कोपरा सगळ्यात हट्टी.

फटी बुजल्या तरी खरं नुकसान झालेलंच असतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. मूळ डिझायनरने पार्ट एका क्रमाने घडवलेला असतो: आधी स्केच, मग जाडी, मग भोकं, रिब, ड्राफ्ट, शेवटी फिलेट. हा क्रम बाजूच्या फीचर ट्रीमध्ये दिसतो. स्टेपमधून येताना तो गळून पडतो, येतो फक्त अखेरचा आकार. उल्हासनगरच्या जीन्सवाल्याला हे लगेच कळेल: शिवलेली पँट हातात आली, कटिंगचा पॅटर्न आला नाही.

पॅटर्न नसला की काय होतं ते ड्राफ्टवर कळतं. प्लास्टिकचा पार्ट मोल्डमधून सुटावा म्हणून उभ्या भिंतीला थोडा उतार लागतो, समजा एक अंश. कंपनीच्या डिझायनरने तो दिलाच नाही, तर त्याच्याकडे फीचर ट्री असल्याने दुरुस्ती दोन मिनिटांची. ट्रीमध्ये फिलेटच्या वर जायचं, ड्राफ्ट घालायचा, बाकीचं आपोआप नव्याने घडतं. गाळ्यात मात्र भिंतीच्या पायथ्याशी फिलेट आधीच चिकटलेला. तो खरवडून काढायचा, भिंती पुन्हा एकमेकींना भेटवायच्या, उतार द्यायचा, मग त्याच त्रिज्येचा फिलेट परत लावायचा. एका पार्टवर अशा चाळीस जागा असल्या तर दिवस गेला.

या हरवलेल्या क्रमाचा माग काढण्याचं काम मुंबईतच झालं, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. गोदरेज समूहातून १९९४ मध्ये उभी राहिलेली ‘जिओमेट्रिक सॉफ्टवेअर’ ही विक्रोळीची कंपनी. सॉलिडवर्क्ससोबत मिळणारं ‘फीचरवर्क्स’ तिने घडवलं. मुकं सॉलिड पुढ्यात घेऊन ते त्यातली वळणं वाचतं: हे दंडगोलाकृती छिद्र म्हणजे भोक, ही गोलाई म्हणजे फिलेट, ही पातळ भिंत म्हणजे रिब. आणि मग या अंदाजांतून नवं ट्री बांधतं. यंत्रात घडलेल्या, सरळ कडांच्या पार्टवर ते छान चालतं; बाटलीच्या खांद्यासारख्या मुक्त वळणांपुढे थकतं. कारण एकच आकार दहा क्रमांनी घडवता येतो आणि त्यातला कोणता क्रम डिझायनरच्या मनात होता, हे आकारावरून ठरत नाही. या कंपनीचा बहुतेक व्यवसाय २०१७ मध्ये एचसीएलकडे गेला. आपल्या औद्योगिक इतिहासात तिला अजून तिची जागा मिळालेली नाही, असं माझं मत आहे.

मोठ्यांनाही या वाटेवर ठेच लागलेली आहे. २००६ मध्ये एअरबसच्या ए-३८० विमानाची वेळापत्रकं कोलमडली. एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायरिंग. हॅम्बुर्गला कॅटियाची जुनी आवृत्ती, तूलूझला नवी. हॅम्बुर्गहून आलेले वायरचे जुडगे तूलूझला विमानात बसवताना आखूड पडले. विमान देण्याला मिळून सुमारे दोन वर्षांचा उशीर झाला. नाव एकाच सॉफ्टवेअरचं, तरी आवृत्ती वेगळी असली की हे होतं. त्याआधी १९९९ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेसाठी झालेल्या अभ्यासाने तिथल्या वाहन उद्योगाचं अशा देवघेवीतलं नुकसान वर्षाला किमान एक अब्ज डॉलर काढलं होतं. त्यातला मोठा वाटा कशाचा? न चालणाऱ्या फाइली दुरुस्त करण्याचा आणि नव्याने काढण्याचा. म्हणजे विठ्ठलवाडीच्या गाळ्यात जे चालतं, तेच.

फरक इतकाच की एअरबसचा तोटा हिशेबात दिसतो, गाळ्याचा दिसत नाही. मोल्डचा भाव पार्ट पाहून ठरतो, फाइल पाहून नाही. पुरवठ्याच्या साखळीतल्या शेवटच्या माणसाने वरच्यांची फाटलेली भूमिती फुकट शिवावी, ही पद्धत मला अन्यायाची वाटते. तीही टाळता येण्यासारखी असताना.

टाळायला फार पैसेही लागत नाहीत. दोन्हीकडे पॅरासॉलिडवरची सॉफ्टवेअरं असतील तर पाठवणाऱ्याने पॅरासॉलिडचीच फाइल द्यावी. क्रम येणार नाही, पण कडा फाटणार नाहीत. एसटीएल कधीच देऊ नये. ती त्रिकोणांची जाळी थ्रीडी प्रिंटरसाठी ठीक, पण तिच्यात मिलिमीटर की इंच हेसुद्धा लिहिलेलं नसतं, आणि चूक झाली की पार्ट २५.४ पट मोठा किंवा लहान होतो. स्टेप द्यायची तर २०१४ मध्ये आलेली ‘एपी २४२’ द्यावी. टॉलरन्स आणि पृष्ठभागाच्या सूचना तिच्यात मॉडेलवरच नोंदवता येतात. सोबत मूळ सॉफ्टवेअरने मोजलेलं घनफळ, पृष्ठफळ आणि गुरुत्वमध्य पाठवावा. गाळ्यात फाइल उघडल्यावर तेच तीन आकडे पुन्हा काढायचे. जुळले नाहीत तर मशीनला हात न लावता फाइल परत. आणि आकडे जुळूनही दुरुस्ती करावी लागलीच, तर कोटेशनमध्ये ‘मॉडेल दुरुस्ती’ अशी वेगळी ओळ, तिच्यापुढे तास आणि तासाचा दर.